धाकटीची बाटली

१७ जानेवारी १९८३, सोमवार

प्रयोगवहीत काय झालं तेवढंच लिहायचं असतं. कोण कसं वागलं आणि कोणाचा राग आला, याला तिथे रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही. ती घरी, कपबशांच्या कपाटात राहील.

ग्लासगोच्या या संस्थेत मला चोवीस वर्षं झाली. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, नवरा चाळिशीत गेला, राहिले हात. ते चांगले आहेत, असं सगळेच म्हणतात. माझ्या कोटाला इस्त्री असते. पेशींच्या खोलीत मी पाय ठेवला की नवे डॉक्टर लोक खिशातून हात बाहेर काढतात.

सध्या खोलीत दोन जातींच्या पेशींचंच राज्य आहे. नावं अर्थातच माझ्या जोडीला काम करणाऱ्या नेटीने ठेवली. मूळ क्रमांक कोणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा ती म्हणाली, "ही धाकटी, ती थोरली. संपलं." दोघींचा जन्म एकाच रीतीने झाला. प्रतिपिंडं तयार करणारी उंदराची पेशी घ्यायची, कधीच न मरणारी कर्करोगाची पेशी घ्यायची, आणि दोघींना एकजीव करायचं. मग त्या वाढत राहतात आणि एकच एक प्रतिपिंड देत राहतात. थोरलीचं प्रतिपिंड गाईच्या साध्या त्वचेला चिकटतं. तिचा उपयोग फक्त भिंगाखाली ठेवायच्या पातळ कापा नीट झाल्यात का हे बघायला. ती धडधाकट आहे, काही घाला, वाढतेच. धाकटीचं प्रतिपिंड चामखिळीच्या विषाणूला चिकटतं, दुसऱ्या कशालाही नाही. तिच्यासाठी आम्ही दोघी चौदा महिने झुरलो. आणि ती आजारी पोरीसारखी, आज बरी तर उद्या मान टाकते.

उत्तरेकडच्या डोंगरांवर गुरं नेचा खातात, त्यांच्या घशात चामखिळी येतात, आणि पुढे त्याच घशात कर्करोग होतो. त्या कर्करोगात विषाणू लपून बसलेला असतो की नसतो, हे आमचे साहेब डॉ. सिंटन यांना हवंय. ते धाकटीच सांगणार.

२१ जानेवारी, शुक्रवार

नेटी शुक्रवारी तीनलाच जाते. तिच्या नवऱ्याची, विलीची, छाती गोदीतल्या बॉयलरच्या कामाने गेली. शुक्रवारी त्याला इस्पितळात न्यावं लागतं. घर तिच्याच पगारावर चालतं. मी कधी काही बोलत नाही, पण उरलेलं काम माझ्या अंगावर पडतं, एवढं इथे लिहायला हरकत नाही.

आज पाजायचं काम राहिलं होतं. काचेच्या ओढनळीने, पिपेटने, गुलाबी मीडियम म्हणजे पोषक पाणी घालून पेशींची भूक भागवायची, त्याला आम्ही पाजणं म्हणतो. नेटीचा नियम असा की प्रत्येकीची बाटली वेगळी, आणि नाजूक ती आधी, दांडगी शेवटी. पण मीडियममध्ये वासराचं रक्तद्रव पडतं, ते महिनोन्‌महिने मिळत नाही, आणि थोरलीला पाजून तिची तिसरा हिस्सा बाटली उरली होती. फेकून द्यायची? माझ्या आईने युद्धात चहाची पत्ती तीनदा उकळली. मी ती बाटली धाकटीला घातली. दर शुक्रवारी घालते. पाण्याला काय कळतं कोणाच्या नावाचं आहे ते.

नेटी छत्री विसरली म्हणून परत आली. दारात उभी राहिली.

"एल्स्पेथ, ती बाटली..."

"काय?"

"काही नाही गं पोरी. विली खाली उभा आहे." आणि गेली. नेहमीचंच, अर्धं वाक्य माझ्या डोक्यावर ठेवून.

२४ जानेवारी, सोमवार

धाकटीचे आम्ही दोन फ्लास्क ठेवायचो, एक माझ्या हाताखाली, एक नेटीच्या. आज ती म्हणते, माझा बंद करते, आता मला दोन-दोन झेपत नाही. बरं, मी म्हटलं. दिवसभर काहीतरी गोठवत बसली होती, गाणं गुणगुणत, बाहीला चहाचा डाग. आता धाकटी एकट्या माझ्यावर.

९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीने बाळसं धरलं! दोन वर्षांत पहिल्यांदा. तीन दिवसांत फ्लास्क भरला, पेशी गोल, टवटवीत. नेटीच्या हातात ती कायम किरकिरत असायची. मी एकटीने सांभाळायला घेतली आणि बघा. डॉ. सिंटन भिंगातून पाहून म्हणाले, "मिसेस रँकिन, तुमच्या हातात जादू आहे." त्यांनी एवढं बोलायला चोवीस वर्षं घेतली.

नेटीनेही पाहिलं. बराच वेळ डोळा उचलला नाही.

"ही आपली धाकटी वाटत नाही गं. हिला एवढी भूक कधीपासून लागली?"

"नीट पाजलं की लागते भूक," मी म्हटलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

चमकलं! डॉ. सिंटननी कर्करोग झालेल्या अकरा गुरांच्या घशाच्या कापा धाकटीच्या प्रतिपिंडाने रंगवल्या, आणि अकराच्या अकरा हिरव्या चमकल्या. प्रतिपिंड चिकटतं तिथे हिरवं चमकतं, नाहीतर काळं राहतं; म्हणजे विषाणू कर्करोगात आहे. ते ओरडतच मजल्यावर धावत आले. मोजपात्रांतून शेरी प्यालो. एप्रिलमध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत ते हे सांगणार आहेत. आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, निबंधावर माझं नाव येईल. तळटीपेत नव्हे, नावांच्या ओळीत.

घरी येऊन कागदावर लिहून बघितलं, ई. रँकिन. लिहिलेलं चांगलं दिसतं.

नेटीने शेरी घेतली नाही. विलीला न्यायचंय म्हणाली. माझं बरं झालेलं तिला बघवत नाही की काय? अठरा वर्षांपासूनची मैत्रीण आहे. असं लिहिताना मलाच वाईट वाटतंय, पण लिहिलंय ते राहू दे.

३ मार्च, गुरुवार

आज नेटी जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली. डबा उघडलाच नाही.

"एल्स्पेथ, डॉक्टरांना एवढंच सांग. निरोगी गाईचा घसा धाकटीने पुन्हा एकदा रंगवा म्हणावं. काळा राहिला तर मी माफी मागेन आणि महिनाभर तुझे फ्लास्क धुवेन."

"तो गेल्या वर्षीच रंगवलाय. काळाच राहिला होता."

"गेल्या वर्षी धाकटी वेगळी होती."

"मग तूच का नाही सांगत?"

"खोली तुझी आहे. तुझ्या तोंडून गेलं तर बरं दिसेल. तुझ्याच साठी म्हणतेय गं."

सोमवारी सांगते, म्हटलं. माझ्यासाठी म्हणे.

२५ मार्च, शुक्रवार

अजून सांगितलं नाही. डॉ. सिंटन भाषण लिहिताहेत, त्यांच्या दारावर टकटक करायचीही सोय नाही. आणि सांगायचं काय? की नेटीला पेशी फार तब्येतीत वाटताहेत?

हॉलंडच्या एका प्रयोगशाळेला धाकटी हवी होती. फ्लास्क गळ्यापर्यंत भरून, कापसात गुंडाळून पोस्टाने पाठवला. लेबल माझ्या अक्षरात. नेटी म्हणाली, "पाठवू नकोस." मी तिकीट चिकटवलं.

२६ एप्रिल, मंगळवार

हायडेलबर्गला लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांनी मार्झिपानचा, बदामाच्या मिठाईचा, डबा आणला. अर्धा नेटीला दिला, विलीला गोड आवडतं म्हणून. तिने घेतला, थँक्यू म्हणाली, आणि "बोललीस का?" असं विचारलं नाही. हल्ली विचारत नाही.

१० मे, मंगळवार

हॉलंडहून पत्र आलं. फार सभ्य पत्र आहे. तुमच्या पेशींचं प्रतिपिंड आजारी गाईच्या घशात चमकतं तसंच निरोगी गाईच्या घशातही चमकतं, नाकावर चमकतं, सडांवर चमकतं. बहुधा आमचीच काही चूक होत असेल, कृपया मार्गदर्शन करावं.

डॉ. सिंटननी दार लावून स्वतः कापा रंगवल्या. दुपारी बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. निरोगी घसा दिव्यासारखा हिरवा. म्हणजे फ्लास्कमध्ये धाकटी नाहीच. लेबल धाकटीचं आणि आत सगळी थोरली. कधीतरी थोरलीच्या चार पेशी तिच्यात पडल्या, आणि ती दांडगी त्या अशक्त पोरीला खाऊन बसली. विषाणू सापडलाच नव्हता. अकरा गुरांच्या घशात आम्हाला फक्त त्वचा सापडली होती. सगळ्या युरोपासमोर.

निरोगी घसा फेब्रुवारीत रंगवून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. तो त्यांनी रंगवला नाही. हे मात्र आज कोणीच बोललं नाही.

कोणी केलं असेल? मला झोप यायची नाही. नेटी घाईत असायची. बाहीला डाग, तोंडात गाणं. मी कितीदा म्हटलं, उघड्या फ्लास्कवर गाऊ नकोस.

१२ मे, गुरुवार

काय काय बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहिते.

आधी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. प्रयोगवही उघडी होती, प्रत्येक पाजण्यापुढे आम्हा दोघींची आद्याक्षरं, कोणी पाजलं ते त्यावरून कळत नाही.

"दोन्ही पेशी एकाच दिवशी कधी हाताळल्या जातात?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कोण असतं?"

"दोघी. नेटी तीनला जाते. तिच्या नवऱ्याचं... जरा घाईत असते ती."

यात एक शब्द खोटा नाही.

मग नेटीला बोलावलं. मला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून मी खिडकीपाशी उभी राहिले.

"मिसेस मॅक्फेल, तुम्हाला काही सांगायचंय?"

नेटीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. कोणी बस चुकलेल्या माणसासाठी थांबून राहावं तसं. मी काय बोलणार होते? प्रश्न तिला होता.

"शुक्रवारी झालं," ती शेवटी म्हणाली. "एवढं मी सांगू शकते, डॉक्टर. शुक्रवारी झालं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

नेटीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग कोटाचं वरचं बटण लावलं, जे ती कधी लावत नाही. "नाही," म्हणाली.

सोमवारपासून ती तळघरात, काचसामान धुण्याच्या खोलीत. नोकरी ठेवली, हे डॉक्टरांचं मन मोठं म्हणायचं.

१३ मे, शुक्रवार

तिने "नाही" का म्हटलं असेल? मला सांगितलं होतं की. मला अडकवायचं नव्हतं म्हणून, हे उघड आहे, आणि त्याबद्दल मी आभारीच आहे. पण मग उपकार केल्यासारखं बघायचं कशाला? सोमवारी डॉक्टरांना सांगते की तिने मार्चमध्ये शंका काढली होती. तेवढं माझं कर्तव्य आहे.

आज दोघींचं काम एकटीने केलं. थोरलीची बाटली उरली. धाकटी नाहीच आता, म्हणून झाकून ठेवली.

६ जून, सोमवार

खरी धाकटी परत हवी, नाहीतर सप्टेंबरात आमची खोली बंद. डॉक्टर स्पष्टच म्हणाले. गेल्या वर्षी गोठवलेल्या मूळ नळ्या तीन होत्या. पहिली उघडली, एकही पेशी जगली नाही. दुसरीही तशीच. तिसरी गरम पाण्यात तडकली. फेब्रुवारीनंतरच्या सगळ्या नळ्या मी गोठवलेल्या, आणि सगळ्यांत थोरली.

तळघरातून स्वच्छ बाटल्या वर येतात. काही बाटल्यांवर पट्टी असते आणि पट्टीवर नेटीचं गोल अक्षर, *धाकटी*, *थोरली*. कोणी सांगितलंय तिला हे? धाकटी मेल्यावर तिच्या नावाची बाटली पाठवायची म्हणजे टोमणाच की. मी पट्ट्या सोलून टाकल्या.

१ जुलै, शुक्रवार

घाईत लिहितेय. अक्षराकडे बघू नये.

द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत कुठे काय आहे त्याची कार्डं एका लाकडी पेटीत असतात. शेवटचा उपाय म्हणून आज मी सगळी कार्डं एकेक काढून बघत होते. थोरलीच्या कार्डांमागे एक सापडलं, नेटीच्या हातचं. खाली टाकीतली जागा लिहिलेली, आणि वर असं:

"२४ जानेवारी. धाकटी, माझ्या फ्लास्कमधली. शुक्रवारी एल्स्पेथने तिच्या फ्लास्कला थोरलीची उरलेली बाटली पाजली. पिपेट आधी थोरलीत बुडालेली मी पाहिली, मग बाटलीत, मग धाकटीत. तिला कसं सांगू कळत नाही, फार लागेल तिला. तोवर ही नळी ठेवते. काही झालं नाही तर कार्ड फाडायचं."

पिपेट आधी थोरलीत बुडाली होती.

मी आठवून पाहिलं. बुडत असेल. थोरली शेवटी राहून उशीर होतो म्हणून तिला आधीच उरकायचं, बाटली उघडीच, पिपेट हातातच. दर शुक्रवारी. मी पाण्याचा विचार केला होता. पिपेटचा केलाच नव्हता.

नळी उघडली. भिंगाखाली पाहिलं. किरकोळ, अर्धमेल्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी. मी ओळखलं तिला.

डॉ. सिंटन धावत आले. "गोठवून ठेवली होती? तुम्ही? मिसेस रँकिन, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ही संस्था उभी आहे!" आणि चक्क माझा हात धरून हलवला.

कार्ड माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, "जानेवारीत, डॉक्टर." एवढंच.

४ जुलै, सोमवार

सोमवार आला. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले, मग तळघरात गेले.

नेटी मोठ्या हौदात कोपरापर्यंत बुडालेली. हात लाल, सोललेले. मी कार्ड पुढे केलं.

"सापडलं होय," ती म्हणाली. "जगली का?"

"जगली."

"नऊ-दहा दिवस काही करू नकोस तिला. भूक नसते. आणि मग पाजताना सकाळी आधी तिला."

"नेटी, त्या दिवशी त्यांच्यासमोर तू हे का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तू सांगशील." तिने बाटली पालथी घातली. "मी किती वेळ थांबले होते, एल्स्पेथ. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस."

"मला खरंच माहीत नव्हतं गं. पिपेटचं."

"ते नव्हतं माहीत. मी मार्चमध्ये तुझ्याशी बोलले होते, ते तर माहीत होतं?"

मी कार्ड परत खिशात घातलं.

"आता सांगते. वर जाऊन आत्ता सांगते."

"सांग की. मी काय तुझा हात धरलाय?" आणि हौदाकडे वळली. "त्या रॅकमधल्या झाल्यात, जाताना घेऊन जा."

घेऊन गेले. डॉक्टर फोनवर होते.

१५ जुलै, शुक्रवार

आजपासून ग्लासगोची फेअरची उन्हाळी सुट्टी. सगळं शहर समुद्रावर. नेटी विलीला घेऊन कुठेच गेली नाही, असं दारवानाकडून कळलं. विली आता पलंगावरच असतो.

मी भित्री आहे. हे लिहायला एवढे महिने लागले. चोवीस वर्षं हातांचं कौतुक ऐकलं, तेच हात चुकले हे सांगायला तोंड उघडत नाही. सांगितलं तर खोली जाईल, ती गेली तर माझ्याकडे काय राहतं? नेटीकडे निदान विली आहे, असं मनात आलं. मग या विचाराचीच शिसारी आली.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

निबंध छापून आला. अडीच पानांचा. खऱ्या धाकटीने अकरा घसे पाहिले, एकही चमकला नाही. धाकटी विषाणूच्या ज्या प्रथिनाला चिकटते ते कर्करोगात नाही. आधीचं विधान मागे घेतलंय, "तंत्रसहायकाच्या हाताळणीतील चुकीमुळे". नाव नाही घातलं. गरज काय, सगळ्यांना ठाऊक आहे, तळघरात आहे ती.

नावांच्या ओळीत डॉ. सिंटन, आणि त्यांच्या शेजारी ई. रँकिन. खाली, मूळ पेशी दूरदृष्टीने जपून ठेवल्याबद्दल विशेष उल्लेख, तोही माझाच.

एक प्रत घेऊन खाली गेले. का गेले, सांगता येत नाही. बहुधा तिने माझ्या तोंडावर फेकावी म्हणून. नेटीने हात पुसले, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ती चूक आली तिथे थांबली, पुढे गेली.

"तुझं नाव तरी बरोबर छापलंय," म्हणाली, आणि प्रत परत दिली.

मग मला रॅक दाखवला. बारा बाटल्या होत्या, स्वच्छ, वाफाळून कोरड्या केलेल्या. सहांवर *धाकटी*, सहांवर *थोरली*. मी त्या वर आणल्या. आधी धाकटीला पाजलं, तिच्या बाटलीतून. नंतर थोरलीला. तिसरा हिस्सा उरली ती मोरीत ओतली.